खंडेनवमीला पुजलेला पाइप

समस्त सोलापूरकरांना, त्यांच्या सग्यासोयऱ्यांना आणि ज्यांना म्हणून कान आहेत त्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, एकोणीसशे सत्तरच्या दशकात, भवानी पेठेतल्या एका पत्र्याच्या खोलीत, जगातल्या कुठल्याही राजधानीत काचेच्या कपाटात शोभला असता असा तंबाखू ओढायचा एक पाइप तयार झाला. ज्यांनी तो केला त्यांनी जन्मात कधी विडीचा झुरका घेतला नव्हता. या घटनेची सरकारदरबारी नोंद नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या नाहीत. बोलायची हौस असलेली साक्षीदार आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा सर्वांनी मांडी घालून बसावं आणि ऐकावं.

आणि आधीच सांगते, ही गोष्ट चांगली संपत नाही. ज्यांना गोड शेवट लागतो त्यांनी इथूनच उठून चहाला आधण ठेवावं.

पाइप केला माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामंजी म्हणायची. मामंजी कातारी होते, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून पटाशीने त्याला आकार देणारे. हातमागाच्या, सूत गुंडाळायच्या कांड्या कातायच्या आणि मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा घडवायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या तरुणपणी म्हणे पेठेतला विणकर दुसऱ्याचा धोटा हातात धरत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र त्या वैभवाचं नुसतं वर्णन उरलं होतं. गल्लीतले हातमाग एकेक करून बाहेर निघत होते आणि यंत्रमाग आत जात होते. यंत्रमागाचा धोटा कारखान्यातून तयार येई, आणि कांड्या प्लॅस्टिकच्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. पोरं रस्त्यावर खेळायला घेत. मामंजी त्या कांडीकडे असे बघत जसं एखादा गवई भोंग्याकडे बघेल.

मग ते लाटणी करू लागले. खाटेचे खूर करू लागले. धोटे घडवणारा माणूस लाटणी कातायला बसला की घरातल्यांनी काय ते समजावं, आणि आम्ही समजलोच होतो. फक्त कुणी बोलत नव्हतं. बोलले ते आमचे हे. माझे यजमान मिलमध्ये विणकाम खात्यात होते, आणि मिल आठवड्यातून चालायची किती आणि बंद असायची किती याचा भरवसा राहिला नव्हता. त्यांचं म्हणणं एकच होतं. लेथ विकायचा आणि त्या खोलीत दोन यंत्रमाग टाकायचे.

"आप्पा, खोली अडून बसलीय नुसती," एकदा जेवताना ते म्हणाले.

"खोली न्हाय अडली. मी अडलोय," मामंजी म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "ही खंडेनवमी हुंदी. हत्यारं पुजू दी यंदा. त्येच्या आत पोटापुरतं काम घावलं तर लेथ ऱ्हाईल. न्हाय तर ने, आन् काय करायचं ते कर."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्या घरात लेथ धुऊनपुसून त्याला हार घालतात, पटाश्या पाटावर मांडतात. तर तेवढी मुदत ठरली. ती ठरली तेव्हा नुकताच श्रावण लागला होता, आणि मी, नवी सून, पदराआडून ऐकत होते. माझ्या मनात लेथच्या बाजूने मत कधी पडलं ते मला सांगता येणार नाही. मी केम गावची. स्टेशनाजवळचं घर, मॅट्रिक शिकलेली, यंत्राचा आवाज म्हटलं की आगगाडी एवढंच मला माहीत. पण सकाळी लेथ सुरू झाला की खोलीतून लाकडाचा ताजा भुसा उडायचा, उन्हाच्या तिरिपेत नाचायचा, आणि तो हलकट भुसा मी दिवसभर केसांतून काढत बसायची तरी मला त्याचा राग येत नसे. असं काही असलं की समजावं, आपण फितूर झालो.

आणि अशात रेल्वे लाइन्सकडच्या बंगल्यातले साहेब आले.

हे साहेब म्हणजे एका मिलमधले निवृत्त वीव्हिंग मास्टर. एकेकाळी मामंजींचे धोटे त्यांच्या खात्यात जात. उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला जळाल्याची भोकं. पाइप ओढणारा माणूस मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. त्यांच्या पाइपची मान मोडली होती, ती सांधून मिळेल का, हे विचारायला ते आले होते.

मामंजींनी तो पाइप हातात घेतला आणि सांधायचं विसरून नुसते फिरवत बसले. असं लाकूड आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. अंगभर बारीक उंचवटे आणि खाचा, एकापाशी एक, वळणं घेत चाललेल्या. नांगरलेलं रान रेल्वेच्या खिडकीतून दिसतं तसं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दाराशी बसून मिश्री लावत होत्या. आमच्याकडे तंबाखूचं असं होतं: सासूबाई तो तव्यावर भाजून मिश्री करून दातांना घासायच्या, मामंजी चुन्याबरोबर दाढेत धरायचे, शेजारची तेलुगू बाई दिवसभर त्याच्या विड्या वळायची, पण पेटवायचं नाव उघडपणे कुणी घेत नव्हतं. तर आत्याबाईंनी दातातलं बोट न काढता पाइप बघितला.

"वाळवीनं खाल्लंय की ह्ये."

साहेब हसले. म्हणाले, "वहिनी, वाळवी नव्हे, वाळू. यावर जोराने वाळूचा मारा करतात. लाकडातलं मऊ असेल ते उडून जातं, कठीण असेल ते शिल्लक राहतं. परदेशात याला गुळगुळीत पाइपइतकाच मान असतो."

"म्हंजी खराब करून इकायचं," आत्याबाई म्हणाल्या. "असलं असंल तर माझ्या टाचा न्या. आयत्या हायत्या."

मामंजींना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "लाकूड कसलं म्हनायचं ह्ये?"

ब्रायर, साहेबांनी सांगितलं. समुद्रापलीकडच्या कोरड्या टेकड्यांवर एक झुडूप असतं, त्याच्या मुळाची आणि खोडाची जिथे गाठ पडते ती गाठ. विस्तवाला सहजी दाद देत नाही म्हणून पाइपला तीच लागते. साहेबांनी एकेकाळी हौसेने दोन ठोकळे मागवले होते, आपण कोरू म्हणून, आणि ते तसेच कपाटात पडले होते. आणि पुढचं बोलणं असं झालं, की मी चहाचा कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मुंबईत त्यांच्या ओळखीचे एक पाइपचे दुकानदार होते. बाहेरून माल येणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि इथे हाताने पाइप करून देणारा कुणी मिळतो का याच्या शोधात ते होते. लाकूड मिळवायची सोय ते स्वतः करणार होते. दसरा झाला की हैदराबादला जाताना एक दिवस सोलापुरात उतरणार होते.

"मिस्त्री, नमुना चांगला झाला तर ते तुम्हाला जन्मभर काम देतील," साहेब म्हणाले.

जन्मभर! मी त्या शब्दाला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते दोन ठोकळे घरी आले. मातकट रंगाचे, ओबडधोबड, आणि दगडासारखे जड. मामंजींनी एक उचलला, हुंगला, नखाने टोकरला, कानाशी नेऊन बोटाने वाजवला. चार दिवस पटाशी लावली नाही. फक्त येता जाता वाजवत. शेजारची विडीवाली मला म्हणाली, "सासरा तुझा, नारळ घ्यायला लागला काय गं?"

मग लेथ सुरू झाला. पाइपचं पोट कोरणं मामंजींना जड नव्हतं. जड होतं ते धुराचं भोक. ते मानेतून सरळ येऊन पोटाच्या बरोब्बर तळाशी उघडलं पाहिजे. वर उघडलं तर तळाचा तंबाखू ओला राहतो, खाली गेलं तर पाइप फुकट. पण मामंजींनी आयुष्यभर कांड्यांना भोकं पाडली होती. त्यांनी श्वास धरला, गिरमिट आत गेलं, त्यांनी श्वास सोडला. झालं. तोंडात धरायची नळी त्यांनी काळ्या एबोनाइटची कातली, शाईपेनं करतात त्या कांडीची. एका आठवड्यात गुळगुळीत पाइप तयार होता आणि माझ्या मनात लेथ पुढच्या वीस खंडेनवम्यांना हार घालून उभा होता.

राहिली वाळू.

वाळूचा मारा करायचं यंत्र एका फौंड्रीत होतं. लोखंडाचे ओतीव भाग साच्यातून निघाले की त्यांची कातडी साफ करायला ते वापरत. आमचे हे नाही नाही म्हणत सायकलवरून मामंजींना तिथे घेऊन गेले, आणि तिथला प्रकार त्यांनीच नंतर मला साभिनय सांगितला. यंत्र चालवणारा माणूस डोक्यावर काचेची खिडकी असलेली टोपी घालून होता. पाइप बघून त्याने टोपी काढली.

"चचा, ये क्या लाए जी? लोखंड साफ करतूं मैं. इसकू मारा तो हवा हो जाता ये."

"तुमी मारा तर खरं," मामंजी म्हणाले. "विलायतेत मारत्यात."

"विलायतवालोंकू मारने दो ना फिर."

शेवटी त्याने मारला. मामंजींनी पोटात आणि मानेत लाकडी बुचं ठोकून नेली होती, ती सगळी पद्धतशीर तयारी होती. पण फौंड्रीतली वाळू जाड, हवेचा जोर लोखंडाचा. आमचे हे म्हणाले, "डोळा मिटून उघडला तर त्यातून पलीकडचा माणूस दिसत होता." पाइपच्या पोटाला आरपार खिंडार पडलं होतं.

घरी आल्यावर मामंजींनी तो पाइप करवतीने उभा चिरला. रागाने नव्हे. आत भोक नीट आलं होतं का ते त्यांना बघायचं होतं. नीट आलं होतं. त्यांनी दोन्ही अर्ध्या फाका आत्याबाईंना दाखवल्या, मला दाखवल्या, विडीवालीला हाक मारून दाखवल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वाया गेलेल्या वस्तूच्या आतलं काम किती चांगलं होतं हे कौतुकाने बघणाऱ्या बायकांचा तो घोळका आठवला की मला अजून हसू येतं, आणि मग हसू कुठेतरी जातं.

आता एकच ठोकळा उरला होता.

यानंतर माझा प्रवेश. सीना नदीची वाळू पाटीभर आणली होती, ती मी धुतली, गच्चीवर वाळवली, आणि आधी पिठाच्या चाळणीने, मग मामंजींच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळली. खाली जे पडायचं ते रव्यासारखं. आत्याबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणायच्या, "आज वाळूचं थालीपीठ हाय जणू," आणि मी म्हणायची, "तुमच्याच चाळणीतलं हाय, आत्याबाई, चव येनारच." असा आमचा संवाद. त्या महिन्यात माझ्या भाकरीला कचकच लागते अशी तक्रार घरातल्या प्रत्येकाने केली, आणि ती खरी होती.

दुसरा पाइप पहिल्यापेक्षा चांगला उतरला. या वेळी मामंजी फौंड्रीत तीन-चारदा जाऊन आले, नुसते बसायला. त्या टोपीवाल्याला पानं खाऊ घातली. बाभळीच्या, सागाच्या, आंब्याच्या तुकड्यांवर मारून बघितलं, हवा किती कमी करायची, किती लांबून मारायचं. तोही इरेला पेटला. ज्या दिवशी खरा पाइप मारायचा होता त्या दिवशी, आमचे हे सांगतात, त्याने हात धुऊन बिस्मिल्ला केलं.

तो पाइप घरी आला तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदा दातातलं बोट काढलं. खालच्या बाजूने खाचा उभ्या उठल्या होत्या, माथ्याकडे जाता जाता त्या वाकत होत्या, आणि मागच्या अंगाला लाकडाने असे गोल गोल डोळे उघडले होते की वाटावं हे आत झोपलेलं होतं आणि कुणीतरी पांघरूण काढलं. आमच्या ह्यांनी तो उजेडात फिरवून बघितला. मग म्हणाले, "आप्पा, ह्ये हुईल." लेथ विकायला निघालेला माणूस हे म्हणाला.

आणि इथे, ऐकणारे हो, घात झाला.

मामंजींचा एक नियम होता. धोटा झाला की तो करडईच्या तेलाच्या डब्यात बुडवायचा आणि पोट भरेतो तेल पिऊ द्यायचं. कोरडा धोटा मागावर चिरफळतो, त्याची कुसळं निघतात, सूत तुटतं, विणकराचा दिवस जातो. पेठेत त्यांचा धोटा वासावरून ओळखायचे. पन्नास वर्षांत कोरडं लाकूड त्यांच्या हातातून गिऱ्हाइकाकडे गेलं नव्हतं. तर त्यांनी पाइपच्या भोकात बुचं मारली नाहीत, काही नाही, अख्खा पाइप तेलात सोडला. चांगला आठ-दहा दिवस. बाहेर काढला तेव्हा तो असा मधासारखा चमकत होता की डब्याभोवती आम्ही सगळे ओणवे झालो. घरात कुणाला शंका आली नाही. लाकडाला तेल पाजणं वाईट असू शकतं हा विचार सुताराच्या घरात येणार कुठून?

विडीवाली तेवढी म्हणाली, "एकदा पेटवून बघा की, मामा."

"मी बघतो वडून," आमचे हे म्हणाले. त्यांना सवय होती, मला माहीत होतं, आणि आई-वडिलांना माहीत नाही असा त्यांचा समज होता.

मामंजी उसळलेच. "दुसऱ्याच्या तोंडात जायाची वस्तू! उष्टी करून देतूस व्हय रं?"

संपलं. उष्ट्याला काय उत्तर असतं? मग मामंजींनी नळीला सायकलचा पंप लावला. मी पाइपच्या पोटावर हात धरला, त्यांनी हवा मारली, माझ्या तळव्याला वारा लागला. पाइप पास झाला. आमच्या घरातली तपासणी ती एवढीच.

खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार घातला, पटाश्या मांडल्या, आणि मधोमध पाटावर पाइप. आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू वाहिलं. चिमूट हा शब्द मी आदरापोटी वापरते. कुंकू माझ्या माहेरचं होतं, केमचं, आणि आमच्या केमचं कुंकू एकदा लागलं की सहजासहजी जात नाही. वर पाइप तेलाने माखलेला आणि अंगभर खाचा. पूजा झाल्यावर मी फडक्याने पुसायला गेले तर उंचवट्यांवरचं निघालं, खाचांतलं आत बसलं. मी दातघासणीने घासलं. ते आणखी आत गेलं. मामंजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. देवाचं हाय."

शेवट मी आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी आशा लावून बसायला नको. दिवाळीच्या आत लेथ गेला. चार माणसं आली, हातगाडी आणली, पाय सुटे केले, दार अरुंद म्हणून चौकट काढली. खोलीत दोन यंत्रमाग आले. मामंजी ओट्यावर बसू लागले. दिवसा मागांच्या धडधडीत कुणाचं बोलणं ऐकू येत नसे आणि त्यांनी बोलायचा नादही सोडला. जेवायला हाक मारली तरी उठत नसत, हाताला धरून आणावं लागे. तळव्याचे घट्टे मऊ पडत गेले. ते बघवत नसे. मी त्यांच्यासाठी एक लाकडाचा तुकडा आणि पटाशी ओट्यावर नेऊन ठेवली होती. त्यांनी पटाशी धार लावून परत दिली. म्हणाले, भाजीला घे. पुढच्याच्या पुढच्या वर्षी ते गेले. यंत्रमागही पुढे थांबले, खोलीला भाडेकरू आला, तो साड्यांना फॉल-बिडिंग करतो. कशाचंच काही झालं नाही. मी हे हसत सांगते म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. मला रडत सांगता येत नाही एवढंच.

आता बंगला.

दसरा होऊन दोन-तीन दिवसांनी साहेबांचा निरोप आला. आमच्या ह्यांची मिलमध्ये पाळी होती. आत्याबाईंनी फर्मान काढलं, "सूनबाईला न्या. ती शिकलेली हाय. तुमी तोंड उघडलं की खरं बोलता." तेव्हा मी इरकल नेसले, डोक्यावरून पदर घेतला, आणि मामंजी आणि मी टांग्यातून गेलो. पाइप त्यांनी धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. वळणावर टांगा हिसकला तेव्हा ते टांगेवाल्याला म्हणाले, "हळू, बाबा. मांडीवर लेकरू हाय."

दुकानदार व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. गोरे, गोल, चष्मा सोन्याच्या काडीचा. बोलणं मऊ. उपरणं उघडलं आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग पाइप उन्हात धरून असा फिरवला, जसा मामंजींनी पहिल्या दिवशी साहेबांचा फिरवला होता. मला तेव्हाच कळलं की हा माणूस जाणता आहे. तोंडाची नळी काढली, परत बसवली. भोकातून आरपार बघितलं. साहेबांकडे बघून मान हलवली. साहेबांचा चेहरा असा फुलला की जणू मुलगी दाखवली आणि पसंत पडली.

"आणि हा रंग!" दुकानदार म्हणाले. "वर मधाचा, आणि खाचांतून आतून लाल. हे फार मोठे कारागीर करतात हो. मिस्त्री, हा लाल कशाने आणलात?"

मामंजींनी तोंड उघडलं. मी त्यांना ओळखत होते. आता ते म्हणणार, कुंकू हाय, बायकोनं सांडलं.

"आमच्या घरातली जुनी पद्धत आहे ती," मी शाळेतल्या मराठीत म्हणाले.

मामंजींनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की पदराखाली माझं डोकं तापलं. पण दुकानदार खूश होते. माझं माहेर, माझं केम, मुंबईच्या दुकानात मांडलं जाणार होतं! मी मनातल्या मनात स्टेशनावर बँड उभा केला.

मग त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, बोटाने पाइप भरला, अंगठ्याने दाबला आणि काडी ओढली.

पहिल्या झुरक्याला काही झालं नाही. दुसऱ्या झुरक्याला ते थांबले. तिसऱ्याला पाइपच्या तोंडातून निळा, दाट धूर निघाला आणि व्हरांड्यात वास पसरला. मला तो वास ओळखायला क्षण लागला नाही. सगळ्या सोलापुरात रोज सकाळी दर घरात तो येतो. करडईचं तेल तापलं होतं. आता फक्त मोहरी टाकायची बाकी होती. आतून बंगल्यातला स्वयंपाकी धावत आला, काही करपलं का बघायला. दुकानदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोकत होते, आणि सभ्य माणूस असल्यामुळे खोकता खोकता पाइप अलगद, जपून टेबलावर ठेवत होते. नळीच्या टोकाला तेलाचा थेंब आला होता. तो टेबलक्लॉथवर पडला आणि पसरत गेला.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मिस्त्री, तेल पाजलंत?"

"पाजलं की," मामंजी म्हणाले. त्यांना काय चुकलं ते अजून कळलं नव्हतं. ते टेबलावरच्या पाइपकडे बघत होते. काठ काळा पडला होता. ते पुढे झाले आणि उपरण्याच्या टोकाने तो काठ पुसू लागले. निघत नव्हता.

दुकानदार पाणी प्याले, चष्मा पुसला. आणि मग त्या भल्या माणसाने जे केलं त्याबद्दल मी त्यांना कधी क्षमा केली नाही. त्यांनी आशा दाखवली. म्हणाले, "हरकत नाही. असं काम माझ्या पाहण्यात या देशात दुसरं नाही. मी लाकूड पाठवतो. सगळं असंच करायचं, हा लालसुद्धा. फक्त तेल नाही. एक थेंबही नाही. कोरडं लाकूड, वरून नुसतं मेण. एवढं कबूल करा म्हणजे झालं. जमेल ना?"

साहेब मामंजींकडे बघत होते. स्वयंपाकी बघत होता. मी बघत होते. उत्तर एका अक्षराचं होतं. त्या अक्षरावर लेथ उभा होता, खोली उभी होती, माझ्या केसांतला भुसा उभा होता.

मामंजी पाइपचा काठ पुसत राहिले. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, त्यांनी विचार केला. मी तो त्यांच्या तोंडावर पाहिला. कोरडं लाकूड हातातून सोडायचं कसं, हे ते डोळ्यांसमोर आणून बघत होते, आणि ते येत नव्हतं. जसं काहींना उलटं चालता येत नाही. यात मोठेपणा काही नव्हता. त्यांना येत नव्हतं, एवढंच. शेवटी ते हात जोडून दुकानदारांना म्हणाले, "न्हाय जमायचं, साहेब. तुमच्यासमूर व्हय म्हनीन, आन् घरी जाऊन तेलात घालीन. माझा हात न्हाय ऐकायचा."

दुकानदारांनी हळूच पुडी खिशात ठेवली. मी लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. पण त्या दोन परक्या पुरुषांसमोर आणि स्वयंपाक्यासमोर माझा पदर डोक्यावरून खाली आला, शाळेतलं मराठी गेलं कुठल्या कुठं, आणि मी जीव खाऊन ओरडले,

"अवो मामंजी, एकदा तरी खोटं बोला की!"